आर्मीदाची रांग

कासा सेल्मी, कास्तेलव्हेत्रो
सोमवार, १६ ऑक्टोबर २०२३

चिरंजीव लोरिस यास,

ताईचे आशीर्वाद. बासष्ट वर्षांच्या माणसाला कुणी चिरंजीव म्हणतं का, असं स्वयंपाकघरातून नीवेस विचारते. म्हटलं, माझ्याहून चार वर्षांनी धाकटा आहे आणि मरेपर्यंत धाकटाच राहणार. तुझा गुडघा कसा आहे? तुझ्या कार्लाला सांग, तिने पाठवलेली लोकर मिळाली.

इकडे सगळं ठीक. द्राक्षं उतरली. वरच्या मळ्याला गारांनी झोडपलं, पण खालच्याने लाज राखली. काल अंगणात कढया चढवल्या होत्या, दिवसभर रस आटवला, हात अजून चिकट आहेत. पाचही खोल्या भरलेल्या आहेत. ते डच जोडपं पुन्हा आलंय. म्हातारा रोज सकाळी कोंबड्यांशी डचमध्ये बोलतो आणि कोंबड्या त्याचं ऐकतात. माझं मेल्या कधी ऐकत नाहीत.

आता तुझ्या पाकिटाबद्दल.

घर विकायचे कागद मिळाले. वाचले. सही केलेली नाही आणि करणार नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील.

तुझा तो घर घेणारा दोत्तोर मालागुत्ती आठ तारखेच्या रविवारी येऊन गेला. तुझं नाव न सांगता, पाहुणा बनून! "बायकोचा वाढदिवस आहे." म्हटलं या, बसा. रश्शातल्या तोर्तेल्लीनीचे दोन वाडगे हाणले, तिसरा मागितला. मग बायकोला टेबलाशी सोडून स्वारी गायब. वर जाऊन बघते तर साहेब माळ्यावर यंत्राने भिंती मोजताहेत आणि सगळ्या खिडक्या लावून घेतल्यात. "वारा फार येतोय हो बाई." अरे गाढवा, वारा यायलाच हवा! उन्हाळ्यात माळा तापला पाहिजे, थंडीत गारठला पाहिजे, तेव्हा कुठे पिंपात व्हिनेगर होतं. मला म्हणतो, इथे दोन झकास खोल्या निघतील, खाली पोहायचा तलाव, आणि ही पिंपं ठेवू दारात शोभेला. शोभेला! नीवेस माझ्या मागेच होती, हातात पोळीचं लाटणं. "साहेब, तुमच्या सासूबाईंनाही दारात शोभेला ठेवलंय का?" त्याच्या बायकोने जिन्याखालून ऐकलं आणि ती जी हसत सुटली! तिच्याकडून मी जेवणाचे पैसे घेतले नाहीत. त्याच्याकडून घेतले.

तू लिहितोस, "आर्मीदाची रांग लग्नात द्यायची होती. तू लग्न केलं नाहीस, म्हणजे ती घराचीच राहिली, आणि घर निम्मं माझं." वा रे वा. इंजिनियर झालास, वकील व्हायला हवा होतास. पुढे लिहितोस, "ताई, तुझ्यामागे कोण आहे?" माझ्यामागे कोण ते मी मेल्यावर बघ. अजून मी पुढेच आहे, आणि रोज पहाटे पाचला उठून पाव भाजते.

पण त्याखाली तू एक ओळ लिहिली आहेस. "तसंही त्या माळ्यावर मला कोणी उभं तरी केलं?" ही ओळ मी चारदा वाचली. पत्र बाजूला ठेवलं, कोंबड्यांना दाणे घातले, परत येऊन पुन्हा वाचली. त्यामुळे उत्तराला आठ दिवस लागले. रागावू नकोस. नाहीतर रागाव, तुझा हक्क आहे. का, ते सांगते.

मी पाहुण्यांना रोज तेच सांगते. आमच्याकडे मुलगी जन्मली की बाप तिच्या नावाने पिंपांची रांग लावतो, मोठ्यापासून लहानापर्यंत. नवा रस ओतायचा तो फक्त सगळ्यांत मोठ्या पिंपात. दरसाल त्यातलं थोडं पुढच्यात, त्यातलं त्याच्या पुढच्यात, आणि सगळ्यांत लहान पिंपात मुलीच्या वयाचं व्हिनेगर. मुलगी सासरी गेली की रांगही तिच्याबरोबर जाते. मग कोणीतरी विचारतंच, "तुमची इथे कशी?" मी म्हणते, "नवरा हलका निघाला, पिंपं जड." सगळे हसतात. गेली कित्येक वर्षं हे खोटं मी चमच्यावरच्या थेंबाबरोबर वाढते आहे.

तुला ऐंशी साल विसरता येणार नाही. मलाही येत नाही.

तू एकोणीस वर्षांचा होतास. त्या वर्षी बाबांनी पहिल्यांदा माळा तुझ्या हवाली केला होता आणि तू काय रुबाबात जिना चढायचास! माझं लग्न नोव्हेंबरात ठरलेलं. त्याआधी वराच्या आईने वधूच्या लहान पिंपातला चमचाभर चाखायचा, पसंत पडला तरच लग्न, ही आपली रीत. तो कढयांचा दिवस होता, अंगणात पंधरा माणसं होती. व्हाल्टेरच्या आईने चमचा तोंडात घातला आणि बाबांकडे बघून तोंड वाकडं केलं. "आदेल्मो, हा तर मुरंबा आहे." बाबांनी चाखलं. निव्वळ आटवलेला रस, कालचा, गोड मिट्ट. तेवीस वर्षांचं व्हिनेगर गेलं कुठे? ते तुझ्यासमोर आले आणि कढईपाशी, सगळ्यांच्या देखत, तुझ्या थोबाडीत मारली. "कुठल्या पिंपात काय ओतायचं एवढं कळत नाही? जा, यंत्रं दुरुस्त कर. माझ्या माळ्यावर पाय ठेवायचा नाही."

तू म्हणालास, "बाबा, मी नाही." दोनदा म्हणालास. जानेवारीत तोरीनोला गेलास तो गेलासच.

लोरिस, ते मी केलं होतं.

आदल्या दुपारी सगळे खाली कढयांत ढवळत होते. मी वर गेले, लहान पिंपातलं सगळं खिडकीतून पन्हाळात ओतलं आणि तांब्याच्या डब्याने त्यात ताजा रस भरला. वास अजून आठवतो. खालून आईने हाक मारली तेव्हा मी म्हटलं, आले, आले, चादरी काढतेय.

तू म्हणशील, तोंडाने नाही म्हणता येत नव्हतं? बाबांनी शब्द दिला होता, पत्रिका वाटून झाल्या होत्या, आई उशांच्या अभ्र्यांवर अक्षरं भरत होती. व्हाल्टेर वाईट नव्हता. फरशांच्या कारखान्यात नोकरी, सास्सुओलोत तिसऱ्या मजल्यावर घर. एकदा म्हणाला, "पिंपांचं काय ते बघू, गॅलरीत दोन मावतील." तिथेच ठरलं माझं.

पण हे अर्धंच झालं. नुसता व्हाल्टेर नको असता तर मी पळून गेले असते. मला हे घर हवं होतं, हा माळा, हा मळा. आणि ते सगळं तुला मिळणार होतं, कारण तू मुलगा. माझ्यापेक्षा तुला त्यातलं जास्त कळत होतं असंही नाही. तुला थप्पड बसली तेव्हा मी दहा पावलांवर होते. तोंड उघडलं नाही. भीती वाटली हे खरं. पण मनात असंही आलं, की आता हा जाईल. गेलास. दोन दिवस मी खोटं रडले, सगळ्यांना वाटलं लग्न मोडलं म्हणून. तिसऱ्या दिवशी माळ्यावर जाऊन खिडक्या उघडल्या.

ते लहान पिंप पुन्हा धड व्हायला सत्तावीस वर्षं लागली. बाबा गेले, आई गेली, दोघांनाही सांगितलं नाही. गोठ्याच्या खोल्या केल्या, पाहुणे घेतले, दोन वर्षं पोटाला चिमटा काढला, भूकंपात पडलेली भिंत स्वतः उभी राहून बांधून घेतली. लोक म्हणाले, एकटी बाई काय करणार. केलं. हे घर मी चोरलं असेन, पण मग ते पाठीवर वागवलंयही मीच.

तुझ्या थपडेची मला लाज वाटते. रोज वाटत होती असं म्हणणार नाही. कामाच्या दिवसांत विसरायची. रस ओतल्याची मात्र आजही लाज वाटत नाही. पुन्हा तेवीस वर्षांची झाले तर पुन्हा ओतीन, फक्त खाली येऊन सांगेन, मी ओतला.

आता म्हणशील, ताईने आपल्याच हाताने काठी दिली. दिली. वकिलाला दाखव हे पत्र. मालागुत्तीला दाखव. कोर्टात जा, मी स्वयंपाकाचा एप्रन घालूनच येईन.

पण त्याआधी येत्या रविवारी ये. यंदाच्या कढया शेवटच्यांदा चढतील. नीवेसला सांगितलंय, ती तीन तास भांडी आपटत होती, मग म्हणाली, "त्याला पोळ्या जास्त लागतात, पीठ वाढवते." त्या वेळच्यांपैकी चार म्हातारे अजून जिवंत आहेत, त्यांना बोलावलंय. बाकी पाहुणे आहेतच. सगळ्यांसमोर मी सांगणार आहे, तू आलास तरी आणि नाही आलास तरी.

आलास तर कढईपाशी उभा राहा आणि माझ्या थोबाडीत मार. खरंच मार. त्रेचाळीस वर्षं उशीर झालाय, मी गाल पुढे करीन. सही मात्र मागू नकोस.

तुझी गुन्हेगार, आणि या घराची मालकीण,
आर्मीदा