रक्त पातळ करायची गोळी

प्रिय आक्का,

दाजींना कोरोना निघालाय. काळजी करू नकोस, आता त्याला पूर्वीसारखं कुणी घाबरत नाही. जुळे सोलापुरातल्या तुझ्या घरी, तुझ्याच खोलीत बसून ते टीव्हीवर कुस्त्या बघतात. फक्त त्यांच्या हृदयाचा ठोका मधूनच चुकतोय, म्हणून डॉक्टरांनी तुझीच गोळी लिहून दिली. चिठ्ठी माझ्याच मेडिकलमध्ये आली. गोळीचं नाव वाचल्यापासून तू मनात आहेस, म्हणून आज तुला लिहायला बसलो.

दुसऱ्या लाटेत तू दवाखान्यातून घरी आलीस, तेव्हा आमचं सगळं लक्ष तुझ्या श्वासावर. बोटाला यंत्र लावायचं, आकडा बरा दिसला की झालं! रिपोर्ट निगेटिव्ह आल्यावर तर मी नव्या पेठेतून पेढे आणले. तुझाही ठोका तेव्हा बिघडला होता. या आजारात हृदयात रक्ताची गुठळी होऊन मेंदूत जाऊ शकते, असं डॉक्टरांनी मला समजावलं होतं. मी शहाण्यासारखी मान हलवली.

आणि तुला काय सांगितलं? "रक्त पातळ करायची गोळी आहे, रोज घे." काउंटरवर सगळ्यांना असंच सांगायची सवय.

सांगितलं तेही कुणाला! तुझी सुमी झाली त्या बाळंतपणापासून अंगात रक्त नाही, रक्त नाही, हेच तू ऐकलेलं. गूळ-शेंगदाणे, बीट, खजूर खाऊन जमवलेलं ते रक्त. तू म्हणालीस, "आदीच माज्यात रगत न्हाय, आनि हाय त्ये बी पातळ करू व्हय?"

मी हसलो. आक्का, मी हसलो आणि गाडीला किक मारली.

पण तूही काही कमी नव्हतीस. विचारलं की "घेतली की" म्हणायचीस. न फोडलेली पाकिटं नंतर मेथीच्या डब्यात सापडली. भावाशी खोटं बोलताना तुला काहीच कसं वाटलं नाही गं?

त्या सकाळी तुझा फोन आला. "चप्पल केलीया, घिऊन जा," म्हणालीस. तुला चटणी म्हणायचं होतं. जीभ जड वाटली. मला वाटलं तोंडात भाकरीचा घास असेल. समोर गिऱ्हाइकं उभी होती. दुपारी येतो म्हणून मी फोन ठेवला. दुपारी दाजींनी तुला उठवलं, तर तोंड वाकडं झालेलं आणि उजवा हात लुळा. शेजारच्या म्हणाल्या, अंगावरून वारं गेलं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, बोलणं कधी बिघडलं? घरातल्या कुणालाच माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी वेळ सांगितली आणि ते म्हणाले, तेव्हाच आणायला हवं होतं. तू पुढे चार दिवस होतीस, पण बोलली नाहीस.

दाजींची गोळी मी काल स्वतः घेऊन गेलो. तोंडाला मास्क लावून दारातल्या खुर्चीत बसलो. म्हटलं, "दाजी, हिनं रक्त कमी होत नाही, त्याचं पाणीही होत नाही. ठोका चुकला की रक्त हृदयात साचतं, त्याची गाठ होते. ती मेंदूत जाऊन अडकली की वारं जातं. ही गोळी गाठ होऊ देत नाही. हिरड्यांतून रक्त आलं, शौचाला काळं झालं, तर लगेच कळवायचं. मनानं बंद करायची नाही."

मग सगळं त्यांच्याकडून परत वदवून घेतलं. त्यांनी बरोबर सांगितलं, गोळी गिळली, पेला खाली ठेवला.

"एवडं सोपं हाय," ते म्हणाले. "मग तिला का न्हाई सांगितलंस?"

रागानं नाही विचारलं. रागानं विचारलं असतं तर काहीतरी बोललो असतो. मी मास्क नाकावर नीट केला.

वचन तेवढं देतो. दाजींना मी रोज सकाळी फोन करीन, आणि गोळी घेतली का एवढंच विचारून फोन ठेवणार नाही. ते बोलत राहतील तितका वेळ ऐकत बसेन, काउंटरवर कितीही गर्दी असो.

तुझा धाकटा,
बाळू