साखळीतला व्हॉल्व्ह

ता. ४ मार्च
तीर्थरूप बाबांना सा. न. वि. वि.

पानभर उपदेश आणि माझ्या खोकल्याची चौकशी एका ओळीत, हे तुम्हालाच जमतं. तुम्ही निवृत्त झालात त्याच कारखान्यात नोकरी धरली आणि तुमच्याच नावाने रोज डोकं पिकतंय.

विषारी वायू शोषून घेणारं द्रावण दुसऱ्या टॉवरमध्ये वाफेवर उकळून मोकळं व्हायला हवं, तरच ते पुन्हा कामाचं. आपलं मात्र बराचसा वायू पोटात ठेवूनच परत येतं. त्याने खालचा पाइप आतून खाल्लाय. वाफ वाढवा म्हटलं की साहेब साखळीने बांधलेला वाफेचा व्हॉल्व्ह दाखवतात. म्हणे, तुझ्या वडिलांनी बांधलाय, अठरा वर्षं कुणी हात लावला नाही. महिनाअखेर कारणासकट अहवाल द्यायचाय. का बांधलात, तेवढं कळवा.

भांडत असले तरी तुमचीच,
धाकटी

ता. ९ मार्च
चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

दोन वर्षांत तुला वाफ कळायला लागली, कौतुक आहे. फिल्टर बदल, पाण्याचं प्रमाण तपास. व्हॉल्व्ह विचार करूनच बांधलाय. आई म्हणते, चिडू नका, ती तुमच्यावरच गेलीय. मी चिडलेलो नाही.

लोभ आहेच, तो मागायला लावू नकोस.
बाबा

ता. १४ मार्च
ती. बाबांना सा. न. वि. वि.

फिल्टर दोनदा बदलला, पाणीही मोजलं. विचारलं एक, सांगितलंत भलतंच. पाइपची जाडी निम्मी उरलीय आणि त्याच्याखाली फिटरकाका रोज पाना घेऊन बसतात. मला सायकल शिकवली तेच. साहेब म्हणतात, द्रावणाचा माल खराब आला असं लिही, वडिलांचंही नाव राहील. मला वैताग आलाय बाबा, आणि भीतीही वाटते.

रागासकट नमस्कार.
धाकटी

ता. १८ मार्च
चि. धाकटीस आशीर्वाद.

फोनवर हे बोलायची हिंमत झाली नाही. त्या वर्षी बॉयलर थकला होता, म्हणून महिनाभरापुरती वाफ बांधली. वाफेची बचत झाली म्हणून मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. नवा बॉयलर आला, साखळी राहिली. दर वर्षी सोडावीशी वाटे, आणि दर वर्षी लाज वाटे.

फिटरला आधी तिथून उठव. प्लांट थांबवून पाइप बदला, मग साखळी तोड. अहवालात माझं नाव हुद्द्यासकट लिही.

साखळी का राहिली, ते फिटरला मात्र सांगू नकोस. त्याला सांगायला मी स्वतः येतोय.

बाबा