चालकाच्या बाजूची काच

९ मार्च, सोमवार

काच अडकली! वर आहे ती खाली यायचं नावच घेईना. आणि नेमकी चालकाच्या बाजूची. बाकी तिन्ही सुरसुर खाली-वर होतात, ही मात्र ढिम्म. बटण दाबलं तर साधा आवाजही नाही.

पुढच्या बुधवारी माझी परीक्षा! खिडकीतून हात बाहेर काढून खुणा दाखवल्याशिवाय परीक्षक पास करत नाहीत. दोनदा नापास झालेय. परीक्षेच्या दुसऱ्याच दिवशी शिकाऊ परवाना संपतो, म्हणजे पुन्हा सगळं पहिल्यापासून. यांचा गुडघा धरल्यापासून यांनी गाडी सोडलीय. लेकीला सातवा लागलाय, ती राहते दोन तासांवर. "तूच शिक," हा हट्ट यांचाच. साठीला आलेय मी!

१० मार्च, मंगळवार

गॅरेजवाल्याने दार उघडूनसुद्धा बघितलं नाही. "मोटर गेली, काकू. मागवावी लागेल. पंधरा दिवस धरा." माझ्या तोंडचं पाणी पळालं. हे शेजारीच बसलेले. घरी आल्यावर म्हणाले, "तीस वर्षं टेलिफोनच्या तारा दुरुस्त केल्या मी. एवढंसं दार ते काय! वीज कुठपर्यंत पोचते ते आधी बघू."

देवा, बरा नवरा दिलास. (उद्या संध्याकाळी उलटं लिहीन कदाचित.)

११ मार्च, बुधवार

आधी फ्यूज. जागा यांनी सांगितली, मी चिमट्याने उपसला. "आतली तार तुटलीय का बघ. माझा चष्मा आत राहिलाय." धडधाकट निघाला. मग दाराचं आतलं आवरण काढलं. स्क्रू मी काढले, क्लिपा यांनी बोटांनी चाचपून एकेक सोडवल्या, एकही मोडली नाही! मी काढल्या असत्या तर निम्म्या मोडल्या असत्या.

काच यंत्रापासून सुटी केली आणि खाली कोसळू नये म्हणून चिकटपट्ट्या लावून वरच टांगून ठेवली. मोटरला थेट बॅटरी जोडली — घुर्रर्र! "ठणठणीत आहे," हे म्हणाले. मग गॅरेजवाल्याला उद्देशून जे म्हणाले ते लिहिण्यासारखं नाही.

म्हणजे वीज वाटेतच कुठेतरी अडतेय.

१३ मार्च, शुक्रवार

आज दुरुस्ती नाही, सराव. दार उघडंनागडं, तशीच गाडी बाहेर काढली. यांची शिकवायची पद्धत पहिल्यापासून एकच — दिसेल ते मोठ्याने सांगत चालवायचं. सायकलवाला डावीकडून. खड्डा. लाल दिवा. कुत्रा घेऊन बाई! घरी येईपर्यंत घसा बसतो. पण हे अगदी कान देऊन ऐकतात. चाळीस वर्षांच्या संसारात हा योग आत्ता आला!

१५ मार्च, रविवार

सापडलं! सापडलं!

दार आणि गाडी यांच्यामध्ये एक रबरी नळी असते, त्यातून वायरी दारात जातात. हे म्हणाले, "मी बटण दाबून धरतो, तू दार हळूहळू मीट." निम्मं मिटलं तसं आतून घुर्र झालं. आणखी जरा मिटलं की गप्प. हे एकदम खुलले. एवढी वर्षं दार उघडून-मिटून नळीच्या आत एक वायर तुटली होती, फक्त या काचेला वीज देणारी. टोकं कधी टेकायची, कधी नाही. यांनी नळी मागे सरकवली, वायरींवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "ही." तोंड माझ्याकडे, हात तिकडे! साल सोलून पीळ दिला, त्यावर मी कथील वितळवून डाख दिला.

सगळं परत बसवलं. काच यंत्रात अडकवली, आवरण लावलं, स्क्रू आवळले. बटण दाबलं. मोटर कण्हली आणि काच तसूभर हलेना! मी कपाळाला हात लावला. रडूच आलं. हे पायरीवर जाऊन बसले. तोंड एवढंसं झालं होतं.

मग मी बाहेरून बघते तर काय, चिकटपट्ट्या! चारच्या चार तशाच! बाहेरून लावलेल्या, कुणाच्या लक्षातच नाही. दोघं पोट धरून हसलो. ओढून काढल्या, बटण दाबलं आणि काच लोण्यासारखी खाली. हे बाहेर उभे होते. खिडकीतून हात काढून यांच्या गालावर ठेवला. थँक्यू वगैरे आमच्यात कधी नव्हतं. आज म्हटलं. हे लाजले!

१८ मार्च, बुधवार

पास!!

परीक्षक मध्येच म्हणाले, "बाई, तुम्ही कुणाशी बोलताय?" म्हटलं, सवय आहे हो, घरच्यांनी लावलीय. हसले. खुणा सगळ्या बरोबर. लेकीला फोन केला तर ती फोनवरच किंचाळली. हे फाटकाशी उभे होते. मी अंगठा दाखवला तर नुसतेच उभे. "काय झालं ते सांग ना!" असं दोनदा विचारलं. बिचारे, केवढे घाबरले होते.

आज कुणाकुणाचे उपकार मानू! त्या वायरीचेसुद्धा मानते.

२० मार्च, शुक्रवार

सकाळी हे म्हणाले, "आता मला डॉक्टरकडे ने." म्हटलं, गुडघ्याच्या ना? "डोळ्यांच्या."

तासभर गाडी चालवून यांना मोठ्या इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून? "हिला शिकवायला बसलो त्याच्या आधीपासून. समोरचं मधोमध पुसून टाकल्यासारखं." गुडघ्याला काहीही झालेलं नाही. असा संताप आला! रस्त्यात कुणी आडवं आलं असतं तर? "आधी सांगितलं असतं तर तू गाडी शिकलीच नसतीस, माझ्या उशाशी बसून राहिली असतीस." तेही खरंच.

एक डोळा वाचेल. दर महिन्याला इंजेक्शन, एकही चुकवायचं नाही. डॉक्टर म्हणाले, "इतक्या लांबून यांना आणणार कोण?"

मी.