कुणी आजारी पडलंय का?

प्रिय वेन्डेल,

नाताळच्या कार्डावर दोन ओळी, यापलीकडे गेल्या अकरा वर्षांत आपण एकमेकांना काही लिहिलेलं नाही. त्यामुळे एवढं जाड पाकीट हातात पडल्यावर तू आधी ‘आता कोण गेलं?’ असंच म्हणणार. कुणी गेलेलं नाही. तुझी बहीण बर्नाडेट शुक्रवारी सेंट हेडविग चर्चच्या हॉलमध्ये मासे खायला आली होती, तिच्याकडून तुझा टूसॉनचा पत्ता घेतला. तू तिथे पहाटे उठून निवडुंगांना पाणी घालतोस म्हणे. निवडुंगाला रोज पाणी घालायचं नसतं एवढं मलाही कळतं, पण तू आयुष्यात कधी कुणाचं ऐकलंस?

गावची खबर अशी की ‘हेरल्ड’च्या इमारतीत आता व्यायामशाळा आहे. छपाईची यंत्रं होती त्या उंच खोलीत लोक कमरेला दोर बांधून भिंतीवर चढतात आणि वर पोचले की घंटा वाजवतात. मी मागच्या महिन्यात मुद्दाम आत जाऊन आले. तुझं टेबल होतं त्या खिडकीपाशी डब्यांतून कसलीशी भुकटी विकायला ठेवली आहे. काउंटरवरच्या मुलीला विचारलं, इथे पूर्वी काय होतं ठाऊक आहे का? ती म्हणाली, बँक असावी.

पेपर बंद पडला तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं की माझा जनसंपर्काचा धंदा आता दुप्पट चालेल, कारण नको ते विचारणारं कुणी उरलं नाही. झालं उलटंच. पूर्वी क्लायंटचं काही बिनसलं की मला तीन फोन करावे लागत : एक तुला, एक सकाळच्या रेडिओवाल्याला आणि एक चेंबर ऑफ कॉमर्सच्या बाईंना. तिघांना पटलं की अख्ख्या पोर्ट ऑल्डन गावाला पटलं. आता गावात एकवीस हजार माणसं आहेत आणि एकवीस हजार संपादक. माझ्याकडे इमानी नावाची मिलवॉकीची मुलगी नऊ वर्षांपूर्वी कामाला लागली. पहिल्याच आठवड्यात तिने माझी प्रसिद्धीपत्रकं वाचली आणि म्हणाली, “छान लिहिता हो तुम्ही. पण हे वाचतं कोण?” मी चार दिवस धुसफुसत होते. पाचव्या दिवशी मलाच उत्सुकता वाटायला लागली, की खरंच, वाचतं कोण?

मग मी तुझंच काम करायला लागले. गावात हिंडायचं, बसायचं, ऐकायचं. दोन वर्षांपूर्वी आवई उठली की नगरपालिका पोहण्याचा तलाव बुजवणार. मी कामधाम सोडून तीन दिवस तिचा माग काढला. केस कापणाऱ्या बाईने ती औषधाच्या दुकानात ऐकली होती, दुकानदाराला स्कूलबस चालवणाऱ्यांच्या ग्रुपवर मिळाली होती, आणि त्या ग्रुपवर टाकणाऱ्या आजोबांनी तलावाच्या फाटकावरची पाटी चष्म्याशिवाय वाचली होती. ‘रंगकामासाठी बंद’ एवढंच लिहिलं होतं त्यावर. हे शोधताना मला जितकी मजा आली तितकी बक्षिसं घेताना कधी आली नाही. तुला तीस वर्षं पगारी ही मजा मिळत होती आणि तू कुरकुरत होतास.

आता या वसंतातली हकीकत सांगते. बटाट्याचं सॅलड करणारे क्रुगेल तुला आठवत असतील. म्हातारा गेला, आता मुलगा नेट कारखाना बघतो. एका मंगळवारी सकाळी रोझाल्बा एन्सिनास नावाच्या बाईने गावच्या ग्रुपवर लिहिलं की तिचा सात वर्षांचा मातेओ रविवारपासून इस्पितळात आहे, शनिवारी त्याने क्रुगेलचं सॅलड खाल्लं होतं, आणखी कुणाच्या घरी असं झालंय का? दुपारपर्यंत खाली दोनशे चाळीस उत्तरं. त्यातली निम्मी भांडणं, काही विनोद, आणि मध्ये मध्ये ‘हो, आमच्याकडेही’. नेट धावत माझ्या ऑफिसात आला. खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाला, काहीतरी लिहून द्या, बाईंना गप्प करणारं पण गोड. मग जरा थांबून बोलायला लागला, “पॅकिंगमधल्या बायका म्हणत होत्या की...” आणि वेन्डेल, माझा हात आपोआप वर गेला. रस्त्यावरचा पोलीस गाडी थांबवतो तसा.

हा हात तू कधी पाहिलेला नाहीस, कारण तो फोनच्या अलीकडे असायचा. शिकागोत माझ्या पहिल्या साहेबाने मला तो शिकवला होता. एकोणीसशे शहाण्णवच्या मार्चमध्ये चीजवाला ऑटो वेस्टरहाउस माझ्यासमोर असाच बसला होता. सरकारी तपासनीस कारखान्यात येऊन गेल्याची कुणकुण गावाला लागली होती. ऑटो म्हणाला, “लॉर्ना, कामगारांपैकी दोघांच्या घरी...” मी हात वर केला आणि म्हटलं, “ऑटो, मला जे माहीत नाही ते माझ्याकडून कुणी काढू शकत नाही.” बिचाऱ्याने वाक्य गिळलं. दहा मिनिटांनी तुझा फोन आला. तू म्हणालास, “फार वेळ घेत नाही. एकच सांग, कुणी आजारी पडलंय का?” मी म्हटलं, “माझ्या कानावर तरी काही नाही.” शब्दाला शब्द खरं होतं ते. फोन ठेवून मी स्वतःवर खूश झाले होते, हेही लिहून टाकते.

पुढचं तुला मी काय सांगायचं? तू बातमी दिलीस की तपासणी नेहमीची आहे आणि कुणीही आजारी नाही. शनिवारी ग्रेस चर्चच्या जेवणात तेच चीज वाढलं गेलं. एकेचाळीस माणसं आजारी पडली. चाळीस बरी झाली आणि शाळेत बँड शिकवणारे ॲम्ब्रोस फीनी झाले नाहीत. मूत्रपिंडं गेली, तीन वर्षं यंत्रावर काढली. बातमीवर नाव तुझं होतं, म्हणून लोकांची पत्रं तुझ्यावर आली. संपादकाने तुला विचारलं की माहिती कुणाची. तू सांगितलं नाहीस. तुला मोठ्या बातम्यांवरून काढून शाळेचे सामने आणि मृत्युलेख दिले. फीनीसरांचा मृत्युलेखही तुझ्याच वाट्याला आला. मी तो वाचला. घडी घातली आणि ऑफिसला गेले. त्याच वर्षी ऑटोने माझं नाव आणखी दोघांना सुचवलं. ‘बाई संकटात डोकं शांत ठेवते,’ असं म्हणाला म्हणे.

तर या वसंतातल्या त्या मंगळवारी हात वर गेला आणि नेट गप्प झाला. इमानी दारात उभी होती, तिने आधी माझ्या हाताकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. तिच्या त्या बघण्याने असेल किंवा माझ्या सदुसष्ट वर्षांनी असेल, मी हात खाली घेतला आणि म्हटलं, “बोल नेट. पूर्ण बोल.” त्याने सांगितलं. थंड खोलीचं यंत्र नऊ दिवस नीट चालत नव्हतं, पॅकिंगमधल्या बायकांनी दोनदा सांगितलं होतं, आणि त्याने दुरुस्तीवाल्याला पुढच्या आठवड्याची वेळ दिली होती. मी म्हटलं, आज, आत्ता, दुकानांतला सगळा माल परत मागव आणि का मागवतोयस ते आपल्या तोंडाने सांग. तो चिडला. म्हणाला, “माझे वडील असते तर त्यांनी तुम्हाला गप्प बसायला सांगितलं असतं.” मी म्हटलं, “आणि मी बसलेही असते. म्हणून तर तुला सांगतेय.”

तो दोन तास गाडीत बसून होता. इमानी त्याच्यासाठी कॉफी घेऊन गेली आणि काचेतून काय बोलली कोण जाणे. तिने मला अजून सांगितलेलं नाही. दुपारी तीनला त्याने दुकानांना फोन करायला सुरुवात केली. मी रोझाल्बाच्या घरी गेले. ती स्कूलबस चालवते, नुकतीच फेरी संपवून आली होती, अंगावर अजून कामाचं जाकीट. दार अर्धंच उघडून तिने विचारलं, “वकील आहात का?” मी नाही म्हटलं. “मग टीव्हीवाल्या?” तेही नाही. “मी क्रुगेलचं नाव गावात चांगलं राहावं म्हणून काम करते,” मी म्हटलं. ती म्हणाली, “मग माझ्या दारात काय काम?” मी म्हटलं, “मातेओ कसा आहे ते विचारायला आले. आणि तुम्हाला जे ठाऊक आहे ते ऐकायला.” तिने मला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं. “ऐकून झालं की जाणार ना?” म्हणाली आणि आत घेतलं.

वेन्डेल, तू असतास तर त्या बाईला तिथेच नोकरी दिली असतीस. बसच्या थांब्यांच्या कागदामागे तिने यादी केली होती : एकोणीस घरं, प्रत्येकाने कुठल्या दुकानातून डबा घेतला, कधी खाल्ला, कधी त्रास सुरू झाला. भांडणाऱ्या दोनशे चाळीस उत्तरांतून तिने नेमकं तेवढं वेचलं होतं, उरलेल्यांना स्वतः फोन केले होते. आरोग्य खात्याच्या माणसांकडे तेव्हा पाचच नावं होती. तिच्या परवानगीने ती यादी त्यांच्याकडे गेली आणि एक दुकान सापडलं जे नेटच्या दुकानांच्या यादीत नव्हतंच. कालव्यापलीकडचं, वृद्धाश्रमाला माल पोचवणारं. तिथले डबे संध्याकाळच्या जेवणाआधी उचलले गेले. आकडा एकोणीस घरांवर थांबला. मातेओ सहा दिवसांनी घरी आला.

याचं फळ म्हणशील तर कारखाना पाच आठवडे बंद होता, आणि उघडल्यावर नेटने आम्हाला दोन ओळींत रजा दिली. आता शिकागोची कंपनी त्याचं काम बघते. आणखी दोन क्लायंट हळूच निघून गेले. आपल्यालाही पूर्ण बोलायला लावतील अशी त्यांना भीती वाटली असावी. दुकानात मी दिसले की नेट दुधाच्या कपाटाकडे वळतो. पण त्याचं सॅलड लोक घेतात, हे मी पाहिलंय. रोझाल्बा मला अधूनमधून मेसेज करते, ‘हे गावात म्हणतायत ते खरं आहे का?’ मला माहीत नसलं तर मी तसं कळवते आणि शोधायला लागते. यातून काही मिळत नाही, पण इमानी म्हणते की आपण नऊ वर्षांत केलेलं हेच सगळ्यात चांगलं काम. जानेवारीपासून माझी कंपनी तिच्या नावावर होईल.

आमच्या धंद्याच्या राज्य संघटनेने मला ऑक्टोबरमध्ये मॅडिसनला बोलावलं आहे. बदलत्या काळात जनसंपर्काचा व्यवसाय कसा चालवावा, यावर चाळीस मिनिटं. मी अकरा धडे लिहून काढले. इमानीने वाचले आणि म्हणाली, “यात फोन कसे बदलले ते सगळं आहे. तुम्ही कुठे आहात?” तेव्हा मी तिला शहाण्णव सालचं सांगितलं. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदाच कुणाला तरी. तिने मला दोष दिला नाही, धीरही दिला नाही. फक्त विचारलं, “त्या बातमीदाराला माहीत होतं?” मी म्हटलं, नसावं. माहीत असतं तर तो पुढची अठरा वर्षं दर शुक्रवारी माझ्यासमोर बसून मासे कशाला खात बसला असता?

मॅडिसनला ते सगळं माझ्या नावानिशी सांगायचं मी ठरवलं, पण त्याआधी सरांच्या पत्नीला, कॉन्स्टन्स फीनींना, सांगायला हवं होतं. गेल्या रविवारी गेले. चौऱ्याऐंशीच्या आहेत, कान तल्लख. मी सुरुवात केली आणि त्यांनी मला शेवटपर्यंत बोलू दिलं. मग म्हणाल्या, “वेन्डेल मृत्युलेखासाठी आला होता ना, तेव्हाच म्हणाला होता. ज्या व्यक्तीने मला ‘कुणी आजारी नाही’ असं सांगितलं ती एक दिवस तुमच्याकडे येईल, नाव मात्र विचारू नका. मी वाट पाहणं कधीच सोडलं होतं.” त्यांनी मला माफ केलं की नाही ते मला कळलं नाही, त्यांनी चहा विचारला नाही, पण दारापर्यंत सोडायला आल्या. म्हणजे तुला ठाऊक होतं. मी मुद्दाम ऐकून घेतलं नाही हे तुला पहिल्यापासून ठाऊक होतं, आणि तरी तू माझं नाव कुणाला दिलं नाहीस. वेन्डेल, ते वाक्य माझं होतं आणि त्याची शिक्षा तू भोगलीस. मला त्याची लाज वाटते, आणि हे मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. मॅडिसनला तुझं नाव घ्यायचं की नाही, ते तू सांगशील तसं. पण हे पत्र मी परवानगीसाठी लिहिलेलं नाही. मला जाणून घ्यायचंय, की सगळं ठाऊक असताना तू अठरा वर्षं दर शुक्रवारी माझ्या समोरच्या खुर्चीत का बसत होतास? मी कधी बोलते याची वाट बघत होतास, की मला सोडून दिलं होतंस, की आणखीच काही होतं? रागाने लिहिलंस तरी चालेल. लांबलचक लिही, मधलं काही गाळू नकोस.

टपालपेटीकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच,
लॉर्ना