मालक हजर, सहीस नकार

साहेब,

गेल्या महिन्यात सुनावणीच्या रोजनाम्यात तुमचं नाव लिहिलं गेलं. ते माझ्या तोंडून आलं आणि खाली माझी सही आहे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, पालिकेच्या त्या इमारतीत तुमचं नाव आता कुणी काढत नाही. काढलं ते मी. पुढची तारीख सोमवारी आहे. तोवर मी लेखी काही दिलं नाही, तर जे लिहिलंय तेच कायम होईल.

आधी वकिलाचं सांगतो, कारण तुमच्या वेळी हे नव्हतं. तुमच्या वेळी, आणि पुढंही बरीच वर्षं, बेकायदा बांधकामाची नोटीस आपणच काढायची, टेप घेऊन आपणच मोजायचं, पंचनामा आपणच लिहायचा आणि घरमालक बाजू मांडायला आला की ऐकायचंही आपणच. सगळं एका टेबलावर. लोक तोंडावर बोलायचे. एक दूधवाला मला म्हणाला होता, "नोटीस देणारं तुम्ही, मोजणारं तुम्ही, ऐकणारं बी तुम्हीच. मग मला कशाला बोलावलासा, च्या प्यायला?" शेवटी वरून आदेश आला की बाहेरचा वकील मानधनावर नेमा आणि सुनावण्या त्याच्यापुढं चालवा. त्या नेमणुकीची टिपणी मी लिहिली, साहेब. दहावी झालेल्या माणसानं. वकिली किती वर्षांची हवी, नात्यातल्या कुणाचं प्रकरण समोर आलं तर काय करायचं, रोजनामा त्याच दिवशी टाइप होऊन सगळ्यांच्या सह्या झाल्या पाहिजेत, हे सगळं मी घातलं. मोजणारा माणूस ऐकणाऱ्याच्या टेबलाशी बसणार नाही, ही अटही माझीच. वरिष्ठांनी एक शब्द न बदलता सही केली. आठवडाभर मी ते दोन कागद जवळ बाळगून होतो. अट मलाच लागू आहे हे लिहिताना कळत होतं. पण पहिल्या दिवशी शिपायानं माझी खुर्ची उचलून भिंतीकडच्या रांगेत ठेवली, तेव्हा ते लागलंच.

वकील म्हणून आल्या त्या पेठ वडगावच्या एक बाई. चाळिशीच्या आतल्या, स्कूटरवरून येणाऱ्या, आवाज कधीच न चढवणाऱ्या. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, जोतं म्हणजे नेमकं कुठून कुठपर्यंत. मी कागदावर काढून दाखवलं. त्या म्हणाल्या, "अजून एकदा सांगा," आणि वहीत उतरवून घेतलं. मला बरं वाटलं. मनात म्हटलं, हिला जोतं ठाऊक नाही, ही निकाल काय देणार. शेवटी माझ्याकडंच बघून लिहावं लागेल.

तुम्ही मला टेपचं टोक धरायला घेतलंत तेव्हा मी रोजंदारीवर होतो. दुसऱ्या टोकाला काय वाचतात हे मला बघायचं असायचं, ते तुमच्या लक्षात आलं आणि एक दिवस तुम्ही टोकं बदललीत. मग रविवारी घरी बोलवायला लागलात. मला अजून ते स्वयंपाकघर दिसतं. काकू तव्यावर मिरच्या भाजताहेत, आपण दोघं खोकतोय, आणि तुम्ही माझ्या सरावाच्या पंचनाम्यावर लाल पेन्सिल धरून बसलाय. मी लिहिलंय, "ओटा सुमारे चार फूट." तुम्ही 'सुमारे'वर काट मारता. "सुमारे म्हंजे काय रे? तू मोजलास का न्हाईस?" मी म्हणतो, मोजलं. "मग चार फूट किती इंच?" मला सांगता येत नाही. तुम्ही चपला घालता आणि आपण त्या उन्हात परत तो ओटा मोजायला जातो. चार फूट दीड इंच. नियमांचं इंग्रजी पुस्तक तुम्ही मला दिलंत ते त्याच वर्षी, समासात तुमच्या मराठी टिपा असलेलं. डिक्शनरी घेऊन ते मी तीनदा वाचून काढलं. आज ऑफिसात डिग्रीवाले पोरगे येतात, अडलं की माझ्याकडं येतात. मी कुणाचं 'सुमारे' चालवून घेत नाही.

आता त्या दिवसाचं. प्रकरण मंगळवार पेठेतलं. पापडाचा धंदा करणारी एक विधवा बाई, पन्नाशीची. पापड वाळवायला माडीवर जाता यावं म्हणून तिनं बाहेरून लोखंडी जिना लावलाय, तो गल्लीत दोन फूट तीन इंच पुढं आलाय. मी दोनदा मोजलंय. त्याबद्दल मला काडीची शंका नव्हती आणि आजही नाही. सुनावणीला ती एकटीच आली, पदर खोचून. मॅडमनी तिला विचारलं की पंचनाम्याच्या वेळी सही का केली नाही. ती म्हणाली, "सही कसली मॅडम? मी घरातच न्हवते. पुनव हुती, वाडीला देवाला गेलते. ही अभिषेकाची पावती, तारीख बघा. दाराला कुलूप हुतं. मग नकार दिला कुणी, कुलपानं दिला व्हय?"

रांगेतले लोक हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पंचनामा माझ्याकडं वळवला. खाली ओळ होती: मालक समक्ष हजर, सही करण्यास नकार.

"बाई त्या दिवशी हजर होत्या?"

मी म्हटलं, "मॅडम, माप बरोबर आहे. आत्ता चला, परत मोजून दाखवतो."

"मापाचं मी विचारलेलं नाही."

आणि त्यांनी शेजारचा गठ्ठा पुढं ओढला. एकेक पंचनामा उलगडत गेल्या. सगळ्यांच्या तळाला तीच ओळ, आणि ती हातानं लिहिलेली नव्हती, छापलेली होती. "इतक्या घरांत प्रत्येक वेळी मालक हजर होता आणि प्रत्येकानं नकार दिला? हे वाक्य आधीच छापून ठेवलंय. हा नमुना कुणी केला?"

साहेब, खोलीत पंखा फिरत होता, टायपिस्टची बोटं थांबली होती. मी म्हटलं, "ही जुनी पद्धत आहे. आमच्या साहेबांनी घालून दिलेली." त्यांनी नाव विचारलं. मी तुमचं पूर्ण नाव सांगितलं. टायपिस्टला आडनाव ऐकू आलं नाही म्हणून परत सांगितलं.

"ते येऊ शकतील?"

"ते हयात नाहीत."

"म्हणजे त्यांना विचारता येणार नाही," एवढंच त्या म्हणाल्या आणि माझ्याकडं जरा जास्त वेळ बघत राहिल्या.

जिन्याची नोटीस रद्द झाली. नव्यानं, बाईसमोर मोजा, असा आदेश. त्या छापील नमुन्यावरची बाकीची प्रकरणं सोमवारी. त्यांतली एक खोली आम्ही पाडलेली आहे. माप तिथंही बरोबर होतं, पण त्या घरातलं माणूस त्या दिवशी कुठं होतं हे मला माहीत नाही. मी विचारलंच नव्हतं. बाहेर व्हरांड्यात पापडवाली बाई भेटली. म्हणाली, "माप तुमचं बरोबर हाय, मी न्हाय म्हणत न्हाय. आणि घरात असते तर सही केलीच नसती, ते बी खरं. पण यायचं तरी एकदा, इचारायचं तरी." चहाच्या टपरीवर आमचा एक क्लार्क डोळा मारून म्हणाला, "झ्याक सुटलासा की. वारलेल्या माणसाला कोण नोटीस काढतंय?" मी त्याचा चहा प्यालो.

तुम्ही ते वाक्य कसं लिहायचात हे बघितलेला मी एकटाच उरलोय. एका व्यापाऱ्याचं घर, त्यानं गटारीवर भिंत घातलेली. मोजून झालं, तर मालक बाहेर गेलेला. दुपारचा एक वाजलाय, मला भूक लागलीय. मी म्हणतो, "साहेब, लिहू काय, सहीस नकार म्हणून?" "त्यानं नकार दिलाय का?" "देईलच की." तुम्ही त्याच्या पायरीवर रुमाल पसरून बसलात. "मग देऊ दे त्याला. बसू आपण." दीड तास बसलो. तो आला, पंचनामा वाचला, तुम्हाला आणि मला आईवरनं शिव्या दिल्या आणि कागद टाकून आत गेला. तुम्ही कागद उचललात, झटकलात आणि मांडीवर ठेवून ते वाक्य लिहिलंत. वर वेळसुद्धा घातलीत.

पद्धत माझी आहे. तुम्ही निवृत्त झाल्यावर एका घराला कुलूप होतं. दोनदा गेलो, तिसऱ्यांदा जायचा कंटाळा आला, लिहून टाकलं. काहीच झालं नाही. कुणी विचारलं नाही. मग एकदा नमुना नवा छापायचा होता तेव्हा मीच ती ओळ खाली घातली, वेळ वाचावा म्हणून. इंचाला इंच जुळवणारा मी, आणि माणूस घरात होता की नव्हता एवढी साधी गोष्ट मला मोजावीशी वाटली नाही. तुमच्या काळातल्या फायली पुराच्या पाण्यात लगदा झाल्या, त्यामुळं ऑफिसात तुमच्या बाजूचा एकही कागद नाही. मॅडमना मी चार ओळी लिहून दिल्या तर पुरेल. नोकरी जाणार नाही. फार तर चौकशी लागेल, आणि ते डिग्रीवाले पोरगे माझ्याकडं यायचे थांबतील. चार दिवस कोरा कागद समोर घेतोय, आणि आज बघतो तर त्यावर हे तुम्हाला लिहिलेलं आहे. ते कुठं पाठवायचं नाही, म्हणून इतकं सरळ लिहिता आलं.

परवा काकूंचा फोन आला. आवाज थकलाय त्यांचा. म्हणाल्या, "ऑफिसातनं एक माणूस आलता. ह्यांच्या कामाच्या डायऱ्या हायत काय विचारत हुता. काय झालंय रे?" मी म्हटलं, काही नाही काकू, नेहमीचंच आहे. "डायऱ्या तर तूच नेलतास न्हवं, ह्यांचं दिवसकार्य झाल्यावर?" नेल्या होत्या. अकरा आहेत. व्यापाऱ्याच्या घरचा तो दीड तासही त्यात आहे, तुमच्या अक्षरात: मालक बाहेर, थांबलो. काकूंना मी सांगितलं की त्या पुरात गेल्या. माझ्या घरात पुराचं पाणी कधीच आलेलं नाही. पुराचे ते सगळे दिवस काकू माझ्याच घरी राहायला होत्या. त्या "बरं" म्हणाल्या, आणि जेवलास का विचारलं.