पिवळ्याचं हिरवं

४ ऑगस्ट, सोमवार

आज ऑफिसात तो नकाशा बाहेर निघाला! माझ्या हातचा. अठ्ठावीस वर्षांनी.

रेकॉर्डवाल्या काकांनी धूळ झटकत आणला आणि माझ्याच टेबलावर पसरला. "बाई, तुमचंच काम ना हे?" म्हटलं, हो. त्या वेळी आम्ही हाताने रंगवायचो. घरांच्या जागेला पिवळा, दुकानांना निळा, मोकळी जागा हिरवी. आता सगळं कॉम्प्युटरवर. मी नुसत्या प्रिंटा काढून देते आणि लोक मला अजून 'रंगवाल्या बाई' म्हणतात.

नकाशा निघाला तो मैदानापायी. वीटभट्टीमागचं मैदान. तिथे स्वस्त घरांची योजना आलीय, दोनशे चाळीस घरं. नोंदवहीत त्या जागेपुढे लिहिलंय 'निवासी'. नकाशात ती हिरवी. आणि नियम असा, की दोन्हींत फरक पडला तर नकाशाचं खरं धरायचं. म्हणजे घरं नाहीत! एकवीस तारखेला सुनावणी आहे.

सगळे वाकून तो हिरवा चौकोन बघत होते. मी खिडकीबाहेर बघत बसले.

७ ऑगस्ट, गुरुवार

इथे खरं लिहायला काय हरकत आहे. इथे कोण येतंय बघायला!

तो चौकोन पिवळाच हवा होता. हिरवा मी केला.

सातवा महिना चालू होता. दुपारची वेळ, डोळ्यांवर पेंग. टेबलावर रंगांच्या बशा, प्रत्येक रंगाचा कुंचला वेगळा, दांडीला त्याच रंगाचा दोरा बांधलेला. बाजारपेठेची निळी पट्टी संपवली आणि पोटात बाळ फिरलं. मी आपली विचारात — केस कुरळे असतील का सरळ, माझ्यासारखं गबाळं असेल का आमच्या ह्यांच्यासारखं नीटनेटकं. त्या तंद्रीत निळ्याचाच कुंचला पिवळ्या बशीत बुडवला. आमच्या कामात याहून बावळट चूक नाही! भानावर आले तेव्हा अर्धा चौकोन हिरवा झालेला. बागेचा हिरवा नव्हे, कोवळ्या पानासारखा. इतका सुंदर की मी क्षणभर बघतच राहिले.

खरवडला असता तर कागद फाटला असता. पाच वाजता सही व्हायची होती. मग काय, उरलेलाही तसाच भरला आणि वर झाडांचे बारके ठिपके काढले. झाली बाग! संध्याकाळी साहेबांची सही झाली. सुटले, म्हटलं.

मग तिथे कुणाला काही बांधता आलं नाही. गवत आलं. पोरं सायकली शिकली. माझी लेकही तिथेच शिकली, दोन्ही गुडघे फोडून घेऊन. लेक आणि मैदान एका वयाची आहेत. ते माझ्या पेंगेतून उगवलंय, हे मला एकटीला माहीत.

८ ऑगस्ट

कुणाला काही बोलायचं नाही. चार महिन्यांत रिटायर व्हायचंय, सुखासुखी.

१० ऑगस्ट, रविवार

घरी वेगळंच. लेकीने त्या घरांसाठी अर्ज केलाय, आणि पहिल्या यादीत नाव आहे! जावई यादीचा फोटो सगळ्यांना दाखवत सुटलेत. मला तीनदा दाखवला.

दोन खोल्यांत आम्ही चौघं. मधल्या पडद्याच्या अलीकडे मी आणि माझी शिलाईची मशीन, पलीकडे लेक, जावई आणि त्यांचं तान्हं पिल्लू. जावई बिचारे फोनवर बोलायला जिन्यात जातात. लेक आणि ते भांडतात तेसुद्धा कुजबुजत. परवा ती भांडता भांडता एकदम हसायला लागली. म्हणाली, "जाऊ दे, इतक्या हळू आवाजात राग येतच नाही."

पण मला सकाळी पिल्लाचे पाय लागतात. पडद्याखालून येतं आणि माझ्या पोटावर चढून बसतं. वर्षाचं झालं नाही अजून, पण वजन बघा! ती घरं झाली की हे सगळं जाणार.

ही तिघं जाऊ नयेत असं वाटतं. लिहिलं एकदाचं. घरं होऊ नयेत असं मला वाटतं, मैदानासाठी आणि माझ्यासाठी. आणि त्यासाठी मला काहीसुद्धा करायचं नाही. नुसतं गप्प बसायचं.

१३ ऑगस्ट, बुधवार

ऑफिसला जाताना मैदानातून गेले. लांब पडतं, तरी. गवत गुडघ्याएवढं आणि त्यावर दव. मधोमध उभी राहिले तर रस्त्याचा आवाज येईना. मला तिथे नेहमी वाटतं, आपण नकाशातच उतरलोय. आता वरून कुणीतरी मोठ्या कुंचल्याने आपल्यालाही रंगवून टाकेल. चप्पल हातात घेऊन थोडी चालले. या वयात!

दातवाले डॉक्टर भेटले, फेऱ्या मारत होते. मैदानासमोरच्या इमारतीत राहतात. घरांना विरोध करणाऱ्यांचे पुढारी तेच. "बाई, तुमच्या त्या नकाशाने आमचा श्वास वाचवला!" म्हणाले. माणूस वाईट नाही. मैदानातला कचरा स्वतः उचलतात, पिशवी घेऊन. माझी दाढ त्यांनीच वाचवली. पण पुढे म्हणाले, "आणि कोण कुठले लोक राहायला येतील, काय सांगावं?"

माझी लेक येईल, डॉक्टर. हे ओठांवर आलं होतं. गिळलं.

१७ ऑगस्ट, रविवार

सकाळी लेक म्हणाली, "आई, चल ना, घर बघून येऊ." कुठलं घर? तर मैदानात घेऊन गेली!

तिला आराखडा तोंडपाठ. गवतात पावलं टाकून मोजायला लागली. "हे दार. नाही, थांब, तू भिंतीत उभी आहेस, इकडे ये. हा ओटा. इथे खिडकी." पिल्लाला 'खिडकीत' धरून उभं केलं तिने. ते गवताची काडी तोंडात घालायला बघत होतं. मग एक चौकोन चालून दाखवला, अगदी छोटा. म्हणाली, "आणि ही आमची खोली. दार लावलं की बंद होणारी." असं म्हणाली आणि खरंच दार लावल्यासारखा हात केला. आत उभी राहिली, डोळे मिटून. मी बाहेर.

किती वेळ उभी होती! वारा होता, ओढणी उडत होती. माझ्या डोळ्यांसमोर चारी बाजूंनी भिंती वर यायला लागल्या, फिक्या पिवळ्या, ओल्या रंगाच्या. शप्पथ, दिसल्या मला.

मग तिने डोळे उघडले. म्हणाली, "पण नाही होणार गं. तुमच्या नकाशात हिरवं आहे म्हणे." हसत म्हणाली. मला हसू आलं नाही.

१८ ऑगस्ट

स्वप्न पडलं. मैदानात चालतेय आणि गवताचा रंग पावलांना लागतोय. मागे वळून बघते तर माझी सगळी पावलं पिवळी. लांब भट्टीपर्यंत पिवळीच पिवळी. भीती वाटली नाही. छान वाटलं.

२० ऑगस्ट, बुधवार

उद्या. साडी इस्त्री करून ठेवलीय.

२१ ऑगस्ट, गुरुवार

सांगितलं!!

क्रमाने लिहिते.

सभागृह गच्च. समोर आमच्या नव्या मॅडम आणि समितीचे दोघं. मी कोपऱ्यात, नकाशा सांभाळायला. आधी डॉक्टर बोलले. छान बोलले — झाडं, हवा, म्हाताऱ्यांना चालायला दुसरी जागा नाही. सगळं खरं. मग घरांच्या बाजूने एक कंडक्टरबाई उठल्या, ड्यूटीवरून तशाच आलेल्या. म्हणाल्या, "श्वास आम्हालाही लागतो हो. आम्ही सहाजण एका खोलीत घेतो." लोक हसले. त्या हसल्या नाहीत. लेक मागच्या रांगेत होती, पिल्लू मांडीवर झोपलेलं.

मॅडम म्हणाल्या, "सगळ्यांचं ऐकलं. पण नकाशात जागा हिरवी आहे. माझे हात बांधलेले आहेत." आणि फाईल मिटायला लागल्या.

मी उभी राहिले. कशी राहिले कुणास ठाऊक, पाय आपणहून उठले. म्हटलं, "मॅडम, ती बाग नाही. ती माझी चूक आहे."

मॅडम म्हणाल्या, "बाई, बरं वाटत नाही का?" म्हटलं, उत्तम वाटतंय, फक्त नकाशा खिडकीपाशी आणू द्या. काकांनी दुसरं टोक धरलं. उजेडात धरल्यावर दाखवलं. चौकोन डावीकडे हिरवा आहे, उजवीकडे जाईल तसा पिवळा होत जातो. कुंचल्यातला निळा संपत गेला तसा. बागेचा हिरवा बाटलीतला असायचा, सगळीकडे सारखा. झाडांच्या ठिपक्यांखाली बघा, म्हटलं, शेवटच्या कोपऱ्यात चक्क पिवळा आहे. मॅडमनी चष्मा काढला, परत घातला. "आणि ठिपके?" म्हटलं, ते चूक लपवायला. तेही मीच.

गलका झाला. डॉक्टर ओरडले, "अहो बाई, तुमची दाढ मी वाचवलीय!" म्हटलं, "आणि चांगली वाचवलीत हो, अजून दुखत नाही." काय बोलले हे! सगळं सभागृह हसलं, डॉक्टरसुद्धा. मग त्यांनी मान खाली घातली. मला फार वाईट वाटलं.

लेकीकडे बघायचा धीर झाला नाही.

२२ ऑगस्ट

मेमो मिळाला. 'गंभीर निष्काळजीपणा.' शब्द बरोबर आहे. काका म्हणाले, "कशाला सांगितलंत? कुणाला कळलं नसतं." खरंय. पण लेक घरी आल्यावर माझ्या मशीनजवळ येऊन बसली आणि माझ्या खांद्यावर डोकं टाकलं. शाळेत असताना टाकायची तसं.

२ सप्टेंबर, मंगळवार

निकाल लागला. नकाशातली चूक मान्य, जागा निवासी, घरं मंजूर! हरकतीचा नवा पुरावा असेल तर सतरा तारखेला पाचच्या आत द्यायचा, त्यानंतर काही चालणार नाही.

जावयांनी पिल्लाला इतकं उंच उडवलं की मीच ओरडले. लेक रडली. मीही रडले. कशासाठी ते विचारू नये.

९ सप्टेंबर

मैदानात गेले होते. खुणेचे खुंटे ठोकलेत, पांढरी दोरी बांधलीय. दोरीच्या आत गवत तेच, बाहेर तेच. बसून राहिले. पोरं दोरीवरून उड्या मारत होती.

१५ सप्टेंबर, सोमवार

जुन्या साहेबांचं बोलावणं आलं! नकाशावर सही केली होती ते. पंच्याऐंशीला टेकलेत. चालणं बंद झालंय, पण आवाज तोच. सून म्हणाली, पेपरात बातमी वाचल्यापासून तुमचंच नाव घेतायत.

मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. गेल्या गेल्या पाया पडले. ते बघत राहिले. म्हणाले, "बारीक होतीस. पोट तेवढं पुढे." मग उशीखालून पाकीट काढलं. "हे ऑफिसात दे. सतरा तारखेच्या आत. आधी वाच, मग दे." मी म्हटलं, साहेब, माझी बाजू घ्यायची गरज नाही, मेमो बरोबरच आहे. त्यांनी हात हलवला, जा म्हणून. डोळे मिटून घेतले.

किती चांगली माणसं असतात. घरी आले तर पिल्लाला ताप, सगळी धावपळ. वाचायचं राहिलंच.

१७ सप्टेंबर, बुधवार

दुपारी ऑफिसच्या जिन्यात बसून पाकीट उघडलं. साहेबांचं पत्र, खाली सही. "रंग चुकल्याचे मला त्याच वेळी दिसले होते. नोंदवहीत 'निवासी' मीच लिहिले होते. तरी तेवढा तुकडा मोकळा राहावा म्हणून मी समजून-उमजून सही केली. म्हणून ही चूक नव्हे, हा माझा निर्णय होता. जागा हिरवीच आहे."

द्यायची शेवटची तारीख आजची. पत्र खरं आहे, शब्दन् शब्द. दिलं असतं तर मेमो गेला असता, मैदान राहिलं असतं, लेक माझ्यापाशी राहिली असती.

पाच वाजून गेले. मी दिलं नाही.