आईला ज्युबिली बघायची आहे

ठाणे,
माघ शुद्ध दशमी, शके १८०८

प्रिय सौ. आवडी,

तुझ्या नावामागे सौ. लिहिताना माझा हात क्षणभर थांबला, हे तुझ्यापासून लपवत नाही. दहा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. लिहू नकोस असे तुझ्या मेहुण्यांनी, म्हणजे आमच्या यजमानांनी, कधी सांगितले नव्हते, मीच भ्याले. कागद घेऊन बसायची, चार ओळी व्हायच्या, आणि कोणाची चाहूल लागली की तो कागद चुलीत जायचा. आज मुले शाळेत गेली आहेत आणि सासूबाई कोपिनेश्वराला. तेव्हा एका बैठकीत लिहून टाकते. मेहुणे उद्या मुंबईला कचेरीला जाताना हे पत्र तुझ्या यजमानांच्या शाळेत नेऊन देणार आहेत.

राणीसाहेबांच्या राज्याला पन्नास वर्षे झाली, त्याचा ज्युबिली समारंभ येत्या आठवड्याच्या पुढच्या बुधवारी-गुरुवारी आहे, हे मुंबईत राहणाऱ्या तुला मी काय सांगणार! पण इथे ठाण्यात काय वेड लागले आहे ते बघायला तू हवी होतीस. कोणत्या दिवशी कोठे काय होणार याचे छापील कागद मेहुण्यांनी मुंबईहून आणले, तेव्हापासून आमची ओसरी रिकामी नसते. ज्याला वाचता येत नाही तो वाचून घ्यायला येतो, ज्याला येते तो खात्री करायला. प्रत्येकाचा जीव वेगळ्याच ओळीवर. मेहुण्यांना पारशांची आणि गोऱ्यांची चेंडूफळी पाहायची आहे. शेजारच्या हौसाबाईंना समुद्रावरचे शोभेचे दारूकाम हवे. माजिवड्याहून दूध घालायला येणारी शकू म्हणते, दिवे काय घरीही लागतात, हलवायांनी साखरेचा राजवाडा उभा केला आहे म्हणे, तो बघा आधी. कोलशेतचे होडीवाले बंदरातल्या शर्यतीत उतरणार आहेत. त्यांचा म्होरक्या काळुराम सकाळ-संध्याकाळ खाडीत गड्यांना वल्ही मारायला लावतो, आणि गावातली अर्धी माणसे काठावर उभी राहून त्यांना शहाणपण शिकवतात. शिवाय कुस्त्या आहेत, गाण्याच्या बैठका आहेत, एक नाटक मंडळी नवा खेळ लावणार आहे.

कुस्त्यांची ओळ वाचली आणि मला अंबरनाथची जत्रा आठवली. शिवरात्रीला आप्पा आपल्या तिघा भावंडांना कल्याणहून बैलगाडीत घालून न्यायचे. तू सहा-सात वर्षांची असशील. आप्पांच्या खांद्यावर बसून कुस्ती बघायचीस आणि नेहमी जो हरणार हे उघड दिसत असे त्याच्याच बाजूने ओरडायचीस. एकदा ठाकुर्लीच्या एका हाडकुळ्या पोराने खरोखरच थोराड गड्याला चीत केले, तेव्हा तू आनंदाने आप्पांची पगडी ढोलकीसारखी बडवलीस. आजूबाजूची माणसे हसायला लागली. आप्पा रागावले नाहीत. पगडी सरळ करून म्हणाले, "माझ्या आवडीला पारख आहे." येताना तू गाडीतच झोपलीस, गालाला रेवडी चिकटलेली. ती मी काढून खाल्ली, हे आज कबूल करते. आप्पा असेही होते, याची मला अधूनमधून स्वतःला आठवण करून द्यावी लागते.

दुसरी एक आठवण आहे, ती इतकी गोड नाही. राणीचा मुलगा मुंबईला आला ते वर्ष. तू चौदाची, कपाळ पुसून माहेरी परत येऊन तुला वर्ष झाले होते. मी माहेरपणाला आले होते. आप्पांनी मला आणि भाऊला रोषणाई बघायला नेले, आणि आई तुझ्याजवळ घरी राहिली. परत आल्यावर तू मला एकेक कमान, एकेक रस्ता विचारून घेतलास. मग शेवटी हळूच विचारलेस, "गोदूताई, तिथे माझ्यासारख्या बायका होत्या का गं?" मी म्हटले, नव्हत्या. आवडी, ते खोटे होते. आलवणातली एक बाई मी पाहिली होती. एका दुकानाच्या पायरीवर उभी राहून, मान वर करून, हसऱ्या तोंडाने दिवे बघत होती. तुला जास्त वाईट वाटू नये म्हणून मी खोटे बोलले, असे तेव्हा मला वाटले. खरे सांगितले असते तर तुला थोडा धीर आला असता. पुढे दोन वर्षांनी घरात तुझे केस काढायची भाषा सुरू झाली, तू मावशीकडे म्हणून मुंबईला गेलीस आणि तिथे मास्तरांशी लग्न लावलेस. ती खबर कल्याणला आली तेव्हा मला धक्का बसला खरा, पण मनात आधी त्या पायरीवरची बाई आली.

आप्पा गेले त्याला दोन वर्षे झाली. तेही आम्ही तुला आपण होऊन कळवले नाही, मेहुण्यांनी मास्तरांना रस्त्यात गाठून सांगितले तेवढेच. आई आता भाऊकडे असते, आपल्याच जुन्या घरात. बोलते कमी. डोळ्यांना अंधुक दिसते, पण तांदूळ अजून तीच निवडते, बोटांनी खडा ओळखते. रथसप्तमीला मी कल्याणला गेले होते. भाऊच्या मुलींना गंमत म्हणून ते छापील कागद नेले आणि मागच्या पडवीत बसून वाचून दाखवले. चेंडूफळी झाली, दारूकाम झाले, आई आपली सूप घेऊन बसलेली. मग मी वाचले की गुरुवारी दुपारी तीन वाजता किल्ल्याजवळच्या मैदानावर शाळांतील मुलींचे गायन होईल व नंतर सर्वांना खाऊ मिळेल. आईचा हात सुपात थांबला. तिने विचारले, "गिरगावातल्या शाळा आहेत का त्यात?"

तुला मुलगी आहे, हे मेहुण्यांकडून कळल्यावर चार वर्षांपूर्वी मी आईच्या कानावर घातले होते. ती गिरगावातल्या शाळेत जाते, हे गेल्या दिवाळीत सांगितले. दोन्ही वेळा आई उठून गेली होती. मला वाटले होते, तिला ऐकायचे नाही. मी कागद पुन्हा पाहिला आणि म्हटले, आहेत. आईने सूप खाली ठेवले आणि म्हणाली, "मला ज्युबिली बघायची आहे."

जिने जन्मात कल्याणच्या वेशीबाहेरचे काही मागितले नाही, तिने असे म्हणावे! मुली हसल्या, पण भाऊला ते हसण्यासारखे वाटले नाही. त्याच्या थोरलीचे लग्न कल्याणच्याच एका घरात ठरत आले आहे. तो म्हणाला, सोवळी बाई असली गर्दी बघत हिंडली तर लोक नावे ठेवतील, कल्याणचे कोणी ना कोणी तिथे असणारच, आणि एकदा बभ्रा झाला की मुलगी घरात राहील. तुझे नाव त्याने घेतले नाही. आईने घेतले. दहा वर्षांत त्या घरात पहिल्यांदा. म्हणाली, "मला आवडीकडे जायचं आहे. भाऊ, तुझी मुलगी तू सांभाळ. मला माझी बघून येऊ दे."

भाऊ जोडा घालून बाहेर निघून गेला. आम्ही दोघी विहिरीवर गेलो, तेव्हा आईने मला जे सांगितले ते तसेच तुला लिहिते. तुझ्या लग्नाची खबर आली त्या दिवशी आप्पांनी तुझ्या नावाने आंघोळ केली आणि घरातल्या सगळ्यांना करायला लावली. मी सासरी होते, पण मीही केली, तेव्हा मी कोणाला बोलू? आई म्हणाली, "मी न्हाणीत गेले आणि पाणी नुसतं दगडावर ओतलं. बाहेर आवाज जायला हवा होता. मग पदर ओला करून आले. जिवंत लेकीचं सुतक मी धरलं नाही." आप्पांबरोबर एवढी वर्षे संसार केला, पण हे तिने त्यांना कधी कळू दिले नाही.

दिवेलागणीला भाऊ परत आला. तो म्हणाला, गुरुवारी सकाळी मी आईला कल्याणला गाडीत बसवून देईन, ठाण्याला तू चढ. मी येणार नाही. त्याच्याकडून एवढे झाले हेच मला पुष्कळ वाटले. तूही त्याच्यावर राग धरू नकोस.

आता हे पत्र कशासाठी, ते. मी आईला म्हटले होते, आपण मैदानाभोवतीच्या दोरीच्या अलीकडे उभ्या राहू, मुलीला लांबून बघू आणि येऊ, कोणाला कळायचेही नाही. त्यावर ती म्हणाली, "लांबून बघायला मी एवढी आगगाडीत कशाला बसू?" तेव्हा आवडी, गुरुवारी तीनच्या आधी मैदानावर बायकांच्या बाजूला ये. मास्तरांनाही आण. आम्ही दहा वर्षे तुझी विचारपूस केली नाही, तुला यावेसे वाटले नाही तर ते मी समजेन आणि आईला समजावीन. पण येणार असलीस तर दोन गोष्टी मेहुण्यांबरोबर कळव. पोरीने कोणत्या रंगाचे परकर-पोलके घातले असेल ते, म्हणजे एवढ्या मुलींतून मला ती आईला दाखवता येईल. आणि तिचे नाव काय ठेवलेस ते. आईने विचारले, आणि मला सांगता आले नाही.

उत्तराची वाट पाहणारी, तुझीच,
गोदूताई